पाटाचो हात

जी गोष्ट सांगायला एक वाक्य पुरलं असतं, ती मी आजवर सांगितली नाही. दर वर्षी दिवाळी सरली, नदी निवळायला लागली, की ते वाक्य ओठांपर्यंत येतं आणि मी दुसरंच काहीतरी बोलून बसतो. थंडी यंदा उशिरा पडली म्हणतो. कुळीथ बरा आलाय म्हणतो. आमच्याकडे विषय बदलायला फार लांब जावं लागत नाही. बांगडा महागला एवढं म्हटलं तरी दुपार निघून जाते.

यंदा बायकोने पकडलं. सकाळी काठी टेकत नदीवर गेलो तो ऊन डोक्यावर येईपर्यंत परतलो नाही. दारातच तिने विचारलं, "काय बघतास थंयसर येवढा?"

"पिवळी बसली आहे," मी म्हटलं. "पायरीच्या बाजूच्या धोंड्यावर. अंडी घातलीत."

"दर वर्षी घालता. दर वर्षी तुमी जेवणात मीठ नसल्यासारखां तोंड करून येतास."

मग मी सांगितलं. सगळं, पाट्यावरवंट्याशी बसून. ती आधी हसली. "माशासाठी?" म्हणाली. नंतर हसायची थांबली. खोबरं वाटता वाटता तिचा हात थांबला आणि ती म्हणाली, "ह्यां तुमी तेंका सांगूक होयां होतां. माका सांगून काय उपेग?"

उपयोग नाहीच. तरी लिहितो.

पिवळी म्हणजे नदीतला मासा. शहाण्या माणसांनी तिला काही लांबलचक नाव दिलं असेल, आमच्या वाडीत ती पिवळीच. काळुंदर तुम्हाला ठाऊक असेल, खाडीतला, काळसर हिरवा, अंगभर मोत्यांसारखे ठिपके, तव्यावर पडला की शेजाऱ्याला भूक लागते तो. पिवळी त्याच भावकीतली, पण धाकट्या घरातली. बाईच्या तळहातावर आडवी मावेल एवढी. रंग काजूच्या पिकल्या बोंडूचा. कुशीवर मधोमध एक काळा टिळा, दृष्ट लागू नये म्हणून कुणी लावल्यासारखा, आणि अंगावर तांबड्या ठिपक्यांच्या बारीक ओळी. वीण जवळ आली की पोटाखालून काजळ फिरवल्यासारखी काळी होते. खायला निरुपयोगी. माझी आई म्हणायची, एक पिवळी खाण्यापेक्षा सुई गिळावी, काटा तरी एकच असतो.

म्हणूनच ती आमच्या नदीत सुखाने नांदायची. खाडीची भरती वर वर चढत येते आणि आमच्या वाडीच्या खाली, करंजांच्या रांगेपाशी, दमून थांबते. तिथून वर गोडं पाणी. तिथे एक कोंड आहे, म्हणजे खोलगट डोह, आणि कोंडीच्या तोंडाशी दर वर्षी गाव बांध घालायचं. आता तो सिमेंटचा आहे, त्याला पायऱ्याही आहेत. मी सांगतोय तेव्हा तो दगडांचा, चिखलाचा आणि करंजाच्या पाल्याचा होता. पावसाळ्यात वाहून जायचा आणि भातं झोडून झाली की पुन्हा उभा राहायचा.

बांध घालायचा दिवस म्हणजे सण होता. घरटी एक माणूस. कमरेएवढ्या गार पाण्यात पुरुष ओळीने उभे, हातोहात दगड चाललेले. बायका पाल्याचे भारे आणि चिखलाच्या पाट्या आणतायत. कुणाच्या पायाला खेकडा लागतो आणि सगळी रांग हसते. मध्येच पेज येते, मडक्यातली, सोबत भाजलेला खारा बांगडा. ओल्या हाताने खाल्लेल्या त्या बांगड्याची चव मला नंतर कुठल्या खानावळीत मिळाली नाही. पण त्याआधी, पहिला दगड ठेवताना, गावकर, म्हणजे गावचे मानकरी, पाण्याच्या काठावर नारळ धरून गाऱ्हाणं घालायचे.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या नदयेत तुझी लेकरां बांध घालतत..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणायचे.

"...तर पाणी सगळ्यांच्या शेतात सारख्या जांव दी, आणि कोणाच्या हातान काय चुकला-माकला असात, तर ता पदरात घे..."

"व्हय म्हाराजा."

त्या वर्षी मीही म्हटलं होतं. मोठ्याने.

वर्ष कुठलं ते नेमकं सांगून काय करायचं? गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता, बाजारात नव्या पैशांवरून हुज्जत चालायची आणि आमचा जिल्हा रत्नागिरी. मी मॅट्रिकला आडवा झालो होतो, गणित आणि इंग्रजी दोन्हींत. मार्चमध्ये पुन्हा बसायचं होतं. मिशी फुटलेला एवढा घोडा घरात पुस्तक घेऊन लोळतोय हे वडिलांना बघवत नव्हतं.

"घरात वाचून जाता तां सगळां छपरातसून जाता," ते म्हणाले. "नदीर बस. निदान माकडां तरी हाकशीत."

बांध घातला की त्याच्या पाण्यावर खालच्या मळ्यात वायंगण व्हायचं, हिवाळ्यातलं भात. माकडं त्यावर टपलेली. म्हणून मी रोज बीजगणित, गोफण आणि शेंगदाण्यांची पुडी घेऊन बांधावर जाऊन बसायचो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर हंगाम. हे लिहितानाही थोडी लाज वाटते, पण खरं तेच लिहायचं तर हेही लिहायला हवं.

सकाळी कोंडीवर धुक्याचा धूर तरंगायचा. ऊन करंजाच्या फांद्यांतून उतरत उतरत पाण्यापर्यंत आलं की तो विरायचा, आणि मग पाणी इतकं स्वच्छ की तळाची वाळू मोजून घ्यावी. खंड्या एकाच फांदीवर बसायचा, सरकारी माणसासारखा. केवड्याच्या मुळांतून एखादा दिवड, पाणसाप, डोकं वर काढून पुन्हा बुडायचा. खवळे माशांचा घोळका मध्यावरून जायचा, घाईत, बाजाराला निघाल्यासारखा. आणि काठाच्या उथळ पाण्यात, धोंड्यांच्या आडोशाला, पिवळ्या. जोडीजोडीने.

त्या मला दाखवल्या गोयंददाने.

गोयंददा म्हणजे आमच्या वाडीतला गोविंद. तेव्हा चाळिशीचा, उंच, काटकुळा, कानावर बिडी. बांधातून मळ्याकडे जो पाट जायचा त्याची राखण त्याच्याकडे होती. पाटाच्या तोंडाशी फणसाची एक फळी होती. ती वर उचलली की पाणी मळ्यात, खाली सोडली की बंद. सकाळी वरच्या शेतांना पाणी, दुपारी खालच्या. पाटाच्या अगदी शेवटी शेवंताकाकीचे दोन कुणगे, म्हणजे भातशेतीचे लहान तुकडे, होते, त्यांना पाणी पोचायला निम्मी दुपार जायची. कुणाला किती वेळ, ते सगळं गोयंददाच्या डोक्यात असायचं.

"पाणी माहेरवाशणीसारख्या," तो सांगायचा. "एकाकडे वायच जास्त रवला की दुसरो रुसता."

हे काम म्हणजे मान होता. शिमग्यात पालखी नदीवर आली की बांधावरचा नारळ पाणी लावणाऱ्यानेच फोडायचा, दुसऱ्या कुणी नाही. त्या दिवशी गोयंददा धुतलेलं धोतर नेसायचा आणि त्याची बायको त्याच्याकडे अशी बघायची की जणू त्यानेच नदी आणली.

एक दिवस त्याने मला पाण्याकडे बोट दाखवलं. "दत्तू, ते बीजगणित ठेव आणि हयसर बघ. नवरा-बायको."

काठाशी एक तिरपा धोंडा होता. दोन पिवळ्या त्याच्या एका अंगावर तोंडाने घासत होत्या. घासत होत्या, थांबत होत्या, पुन्हा घासत होत्या.

"काय करतायत?"

"घर सारवतत. आता पोरां होतली."

दुसऱ्या दिवशी धोंड्यावर अंडी होती. खसखशीच्या दाण्यांएवढी, प्रत्येक जणू देठाने चिकटवलेलं. एक मासा त्यांच्यासमोर उभा राहून पंख हलवत होता, सतत, आजारी माणसाला वारा घालावा तसा. दुसरा पुढे पहारा देत होता. एक मोठा खवळा जवळून गेला तर हा तळहाताएवढा प्राणी त्याच्या अंगावर धावून गेला, आणि खवळा चक्क वळला. थोड्या वेळाने दोघांनी जागा बदलल्या. पहारेकरी वारा घालायला, वारा घालणारी पहाऱ्याला. मी दुपारपर्यंत बघत बसलो. माकडांनी त्या दिवशी बरंच भात खाल्लं.

घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, "माशांत बापही पोरं सांभाळतो."

"मगे ते मासे हयसरचे नसतले," आई म्हणाली. वडील पेपर वाचत होते.

माघ लागला तशी नदी बारीक होत चालली. वरून येणारं पाणी कमी, पाटातून जाणारं तेवढंच. सकाळी कोंड भरलेली असायची, पण फळी दिवसभर उघडी राहिली की दुपारपर्यंत काठाचं पाणी वीतभर खाली जायचं. रात्री पुन्हा भरायचं. नदीला त्याचं काही नव्हतं. पण तिरप्या धोंड्यावरची अंडी बरोबर त्या वीतभरात होती. पहिल्या दिवशी मी पाहिलं, तिसऱ्या प्रहरी वरच्या अंड्यांची एक ओळ उघडी पडली. पिवळी उसळी मारून त्यांच्यावर पाणी उडवायचा प्रयत्न करत होती. संध्याकाळी ती ओळ पांढरी पडली होती.

मी गोयंददाला म्हटलं, "दुपारी फळी जरा खाली घे ना. माशांची अंडी सुकतायत."

तो इतका हसला की बिडी पाण्यात पडली. "बरां झाला सांगलंस. पिवळीचा नाव पण पाळीत घालूया. आयतवारची दुपार तिका. शेवंताकाकीक सांगतंय, यंदा भात नाय, पण माशांचो संसार बरो चललो."

मीही हसलो. त्याचं बरोबरच होतं. भात आधी, मासा नंतर.

पण गोयंददा दुपारी जेवायला घरी जायचा आणि तासभर पडायचा. बांधावर मी एकटाच असायचो. दुसऱ्या दुपारी मी उठलो, फळी खाली सारली आणि खालच्या फटीत पाला कोंबला. पाणी थांबलं. काठाची रेघ धोंड्यावर जिथे होती तिथेच राहिली. पिवळी आपली वारा घालत राहिली. ऊन उतरू लागलं, गोयंददाच्या येण्याची वेळ झाली, तसा मी पाला काढला आणि फळी होती तेवढी वर केली. फार सोपं होतं. मला वाटलं, तासाभराचं तर पाणी, कुणाला काय कळतं.

मग हे रोजचंच झालं. अंडी फुटली तेव्हा त्यांतून शेपट्या वळवळणारे ठिपके निघाले, आणि आईबापांनी ते एकेक तोंडात उचलून जवळच्या वाळूत केलेल्या खळग्यात नेऊन ठेवले. तो खळगा तर धोंड्याहून उथळ जागी होता. आता कसं सोडणार? मी फळी लावत राहिलो, तासाचा दीड तास झाला. बीजगणित मला त्या दिवसांत भराभर समजू लागलं होतं. मनाला एक काम असलं की दुसरंही होतं, असं काहीतरी असावं.

शेवंताकाकीचे कुणगे पाटाच्या टोकाला. वरची फळी तास-दीड तास बंद म्हणजे पाणी तिच्यापर्यंत पोचायच्या आतच दिवस मावळायचा. आणि तिचं भात नेमकं पोटरीत, लोंब्या फुटायच्या बेतात, आलं होतं. मी माकडं हाकायला मळ्यात उतरायचो तो वरच्या अंगाला. टोकापर्यंत मी त्या दिवसांत एकदाही गेलो नाही. गेलो असतो तर जमिनीला गेलेल्या भेगा दिसल्या असत्या. आता वाटतं, म्हणूनच गेलो नसेन.

शेवंताकाकी विधवा, जीभ तिखट, मन साधं. एका सकाळी ती बांधावर आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"गोयंदा, तुझो पाट माझ्या शेतापर्यंत येईसर दमता काय रे?"

"काय झाला गो काकी?"

"काय झाला तां येऊन बघ. भात नाय, झाडू उभे आसत. वरच्यांका न्हाण आणि माका शिंतोडे."

गोयंददा तिच्यामागून गेला. परत आला तेव्हा त्याच्या कानावर बिडी नव्हती. तो फळीजवळ बसला, ती वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. "पाणी तर सोडलंय," स्वतःशीच म्हणाला. "रोज सोडतंय." मी पुस्तकात बघत होतो.

चार तोंडांतून बोलणं फिरलं. गोयंददाचा मेव्हणा वरच्या शेतांत होता, त्याचं भात तरारलेलं होतं, तेवढं संशयाला पुरलं. शेवटी गावकर म्हणाले, उगाच भांडण नको, देवीला विचारू.

आमच्याकडे अडलेली गोष्ट देवीकडे जाते. गुरव पाषाणाला फुलांच्या ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न सांगतो आणि सगळे वाट बघतात. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. याला कौल म्हणतात. त्या सकाळी अर्धी वाडी देवळात होती. मी खांबाला टेकून उभा होतो आणि, खरं सांगतो, मला भीती वाटत नव्हती. डावी कळी पडेल आणि सगळं मिटेल याची मला खात्री होती. माझ्या वाटचं खरं बोलणं मी देवीवर सोपवून मोकळा झालो होतो.

"आई, शेवंतेच्या शेताचा पाणी गोयंदाच्या हातान अडला असात, तर उजवी दी," गुरव म्हणाला.

बराच वेळ काही पडेना. कुणाचं तरी मूल रडायला लागलं, त्याला बाहेर नेलं. एक म्हातारा खोकला. समई फडफडली. मग उजवी कळी सुटली, पाषाणावरून हळूच घसरली आणि खाली पडली.

गोयंददा पुढे झाला. त्याने आपले दोन्ही तळवे उघडून पाहिले, जणू त्यांत काही सापडेल. मग खांद्यावरचं खोरं काढून देवीसमोर आडवं ठेवलं.

"देवी खोटां सांगणा नाय," तो म्हणाला. "माझ्याच हातान झाला असतलां. माका याद नाय, इतक्याच."

मला एक श्वास पुरला असता. पण आता मी बोललो असतो तर देवी खोटी ठरत होती, आणि नाही बोललो तर गोयंददा. एकोणीस वर्षांच्या डोक्याने हिशोब केला. देवी रागावते असं लहानपणापासून ऐकलं होतं. गोयंददाला रागावताना मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

त्याला शिक्षा कुणी केली नाही. दंड नाही, वाळीत टाकणं नाही. फक्त पाट दुसऱ्याकडे गेला आणि शिमग्याला बांधावरचा नारळ दुसऱ्याने फोडला. शेवंताकाकीला घरटी सूपभर भात द्यायचं ठरलं. आमच्या घरचं मीच घेऊन गेलो. आईने दोन सुपं भरली होती.

"तुझ्या आवशीचा मन मोठा हां," काकी म्हणाली आणि माझ्या हातावर गूळ ठेवला. तो गूळ मी खाल्ला.

आणि कोंडीत त्या दिवसांत दिवाळी होती. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. खळग्यातली पिल्लं पोहायला लागली होती. आईबापांच्या भोवती पिल्लांचा एक ढग, जिकडे ती दोघं तिकडे तो ढग. खंड्याची सावली पडली की आई पंखांना एक झटका द्यायची आणि सगळा ढग तळाला चिकटायचा. सावली गेली की पुन्हा वर. पिल्लं मधूनच आईच्या कुशीला टोचत, बापाच्याही. मला वाटलं, ती त्यांच्या अंगावरचं काहीतरी खात असावीत.

मी ते गोयंददाला सांगितलं. हो, त्यालाच. पाट गेला तरी तो नदीवर यायचा, सवयीने. माझ्याशेजारी बसायचा.

"खातत काय मेल्या? आवशीक गुदगुल्यो करतत," तो म्हणाला. "तू खयंचो शिकतलंस."

आम्ही दोघं हसलो. मी त्याच्याइतका मोठ्याने हसू शकलो हे आठवून आजही कानशिलं तापतात.

मार्चला मी मालवणात जाऊन परीक्षा दिली आणि पास झालो. मुंबईला एका कचेरीत चिकटायचं ठरलं. निघायच्या दिवशी माझी ट्रंक डोक्यावर घेऊन गोयंददा कट्टा गावच्या एसटी स्टँडपर्यंत चालत आला. वडिलांनी सांगितलं नव्हतं, तोच आला. वाडीच्या टोकाशी गेल्यावर त्याने ट्रंक खाली ठेवली. "थांब हां. दाराची कडी घातलंय काय बघून येतंय."

"मी पाहिली ना घालताना."

"तू बघलंस. माका खात्री व्हयी. माझो हो पाटाचो हात, ह्याचो काय भरवसो नाय." आणि उजवा हात वर करून दाखवत, हसत, तो परत धावला.

तेव्हापासून वाडीत ती म्हणच झाली. कुणाच्या हातून दूध उतू गेलं, कुणी मीठ दोनदा घातलं, की म्हणायचे, पाटाचा हात लागला. सगळ्यांत जास्त तोच म्हणायचा. माणूस इतका आनंदी की स्वतःवरची थट्टाही गावात वाटून टाकली. पण मी बघत होतो. जो माणूस पंधरा घरांच्या पाण्याची वेळ डोक्यात ठेवायचा, तो आता गुराचं दावं बांधून दोनदा परत जाऊन बघायचा. चुलीतला विस्तव विझवून पुन्हा राखेत बोटं घालायचा. न केलेली एक चूक त्याने देवीच्या शब्दावर स्वतःची म्हणून घेतली होती, आणि मग आपल्या हाताला तो परका झाला होता.

कट्ट्याला एसटी आली नव्हती. स्टँडवरच्या चहाच्या दुकानात आम्ही बसलो. मी ठरवूनच आलो होतो. "गोयंददा," मी म्हटलं, "तो पाट..."

"पाट सोड रे. मुंबयत गेल्यार पाणी नळाक येता म्हणतत. थंयसर फळी कोण उघडता?"

गाडी आली. ट्रंक वर चढवायला तोच चढला, आणि दोर दोनदा ओढून पाहिला.

पुढे मी दर वर्षी आलो. कधी गणपतीला, कधी शिमग्याला. दर वेळी गोयंददाचं घर पहिलं. माझ्या लग्नात सोलकढीची जबाबदारी त्याच्यावर होती, आणि त्याने तीन बायकांना बोलावून चाखायला लावली, मीठ पडलंय की नाही म्हणून. पंगतीत हशा पिकला. नवी नवरी हसत मला हळूच म्हणाली, "ह्ये कोण? बरे आसत." मी म्हटलं, शेजारी. ते वाक्य त्या दिवशीही तोंडात होतं, बुंदीच्या लाडवासोबत गिळलं.

गोवा मोकळा झाला. बांधावर डिझेलचं इंजिन आलं, त्याच्या आवाजाने खंड्याने फांदी बदलली. शेवंताकाकी गेली, जाईपर्यंत माझ्या आईच्या दोन सुपांचं कौतुक करत होती. मग एका पावसाळ्यात मुंबईला पत्र आलं, त्यात शेवटच्या ओळीत, बाकी सगळं क्षेम लिहून झाल्यावर, गोयंददा वारल्याचं होतं. तापाने. फार दिवस आजारी नव्हता.

त्याला मी शेवटचं भेटलो ते त्याच्या आधीच्या माघात. रजा काढून मुद्दाम गेलो होतो, यासाठीच. तो नदीवर आहे असं त्याची बायको म्हणाली. ऊन तेच होतं, करंजातून उतरत येणारं. तो काठावर उकिडवा बसला होता, केस पिकलेले, कानावर बिडी. मला बघून त्याने ओठांवर बोट ठेवलं आणि बाजूला सरकून जागा केली.

त्याने उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात धरला होता, तळवा वर, अगदी स्थिर. तिरप्या धोंड्याच्या बाजूलाच. पिवळीची जोडी जवळ उभी होती आणि पिल्लांचा सगळा ढग त्याच्या तळव्यावर उतरला होता. बोटांच्या पेरांना, रेषांना, जुन्या घट्ट्यांना टोचत होता.

"बघ रे," तो पुटपुटला, "पाटाच्या हाताक पण गुदगुल्यो करतत."

ही पिल्लं कुणाची पणतवंडं असतील ते मला माहीत होतं. त्याला नव्हतं. तो लहान मुलासारखा हसत होता, आवाज न करता, आणि मी वाक्य जुळवून तोंड उघडलं. मग वाटलं, आत्ता नको, मासे बुजतील. मासे बोलण्याला बुजत नाहीत. इतकी वर्षं तिथे बसून हे मला ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो, ऊन सरकेपर्यंत, आणि मग आम्ही बांगड्याच्या भावावर बोलत घरी आलो.

गोयंददा, फळी मी लावलंय. तुझो हात बरो होतो.